मत्स्यपेटीतली घाण आणि आमच्या व्यायामबाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान झालेली डॉक्टर मंडळी, परिचारिका भगिनी, माझ्यासारखे आजी-माजी रुग्ण, आणि आज सेवेतून निवृत्त होणाऱ्या, ज्यांना आम्ही प्रेमाने आणि बरंचसं चिडून ‘व्यायामबाई’ म्हणतो, त्या बाई!

मी केस कापणारा माणूस. आयुष्यभर एकेका कानाशी बोललो. सभागृहाशी बोलायची ही पहिलीच वेळ. आधीच्या वक्त्यांनी बाईंच्या मृदू स्वभावाचं कौतुक केलं. मृदू? असतील बुवा. मला बोलायचंय ते घाणीबद्दल.

खाली प्रतीक्षागृहात मोठी मत्स्यपेटी आहे. कुणा दानशूर गृहस्थांनी दिली, फीत कापली, फोटो निघाले. नंतर तिच्याकडे कोण फिरकलं? अध्यक्ष महोदय, राग मानू नका, नुसतं विचारतोय. मी इथे आलो तेव्हा काचेवर शेवाळाचा बुळबुळीत थर, पाण्यावर तवंग, तळाशी बिस्किटांचा लगदा, चघळून थुंकलेलं च्युइंगम आणि कुणाच्या तरी जखमेची पट्टी. त्यात दोन-चार मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. मला दारातच मळमळायचं. एकाचा टॉवेल दुसऱ्याला लावला म्हणून सख्ख्या मेहुण्याला दुकानातून हाकलणारा मी!

पण खरं सांगू? त्याहून जास्त किळस मला माझ्या उजव्या हाताची यायची. अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि हात नुसता लोंबत राहिला. सुजलेला, घामट, बधिर, जणू परक्याचा हात माझ्या खांद्याला शिवलाय. बायको तेल लावायला आली की मी तोंड फिरवायचो. बाईंनी दाबायला दिलेला रबरी चेंडू मी डाव्या हाताने भिंतीवर भिरकावला. “मी काय तान्हं बाळ आहे?”

“नाही. तान्ही बाळं इतकी कुरकुरत नाहीत,” बाई म्हणाल्या आणि मला थेट त्या पेटीपुढे नेऊन बसवलं. “हिच्यासाठी गाळणी करायचीय. तुम्ही करायची.”

“शी! ओकारी येतेय मला.”

“येऊ दे. बादली आहे.”

पाण्याची रिकामी बाटली, भांडी घासायचा कोरा स्पंज, बारीक नळी आणि हवेचा छोटा पंप, एवढंच सामान. बाटलीला भोकं बाईंनी पाडली. तिच्यात कोंबायला स्पंजचे तुकडे मी करायचे, तेही उजव्याच हाताने. त्यांनी कात्री दिली. कात्री! जिच्यावर माझं घर चाललं, ती बोटांतून गळून पडली. मी शिव्या दिल्या, मग रडलो. बाईंनी कात्री उचलून पुन्हा माझ्याच मुठीत कोंबली. माशांना टाकलेले दाणे पेटीभर पसरू नयेत म्हणून नळीची दोन टोकं जोडून तरंगतं कडं करायचं होतं. त्या एवढ्याशा कड्यापायी माझे दिवसच्या दिवस गेले.

शेवटी गाळणी तळाशी बसवायची वेळ आली. बाईंनी कोपरापर्यंत हात घालून लगदा उपसला आणि म्हणाल्या, “आता तुमचा.” मी डोळे मिटून हात घातला. गार. बुळबुळीत. चिकट. आणि मंडळी, मला ते कळलं! इतक्या काळाने त्या बोटांना काहीतरी कळलं, आणि कळलं ते काय, तर घाण!

“बाई, घाण आहे हो! कळतेय मला!” मी ओरडलो. सगळं प्रतीक्षागृह वळून बघायला लागलं.

गाळणीतून बुडबुडे उठले, पाणी हळूहळू निवळलं. हात पूर्ण सुधारला का? नाही. वस्तरा आजही धरवत नाही. दुकान मुलगी चालवते. शर्टाची बटणं मात्र माझी मी लावतो. आजचीही.

परवा बाईंना विचारलं, “तुम्हाला कधी किळस नाही आली?”

“रोज यायची,” त्या म्हणाल्या. “पेटीची आणि तुमच्या हाताचीसुद्धा. पेटीची आणि तुमच्या हाताचीसुद्धा. पण तुमच्यासमोर नाक मुरडलं असतं, तर तुम्ही तो हात पुन्हा पुढे केला असता?”

माझ्या आजारपणात सगळे गोड बोलले. इतकं खरं कुणी बोललं नव्हतं.

संयोजकांनी मला उभं केलं, आपण ऐकून घेतलंत, ऋणी आहे. भरल्या सभेत नको ते वर्णन केलं. कुणाच्या पोटात ढवळलं असेल तर तेही पोटात घाला. आणि बाई, फार उपसलीत आमची घाण. आता हात धुवा आणि सुखाने घरी जा.