रविवारचं व्होल्टेज

नाही नाही ओवेसभाई, सेल नका काढू परत. सेल तुम्हीच बदललात की — हे बघा, लिहिलंय इथं, अठरा फेब्रुवारी दोन हजार आठ, सोमवार, मदरबोर्डचा सेल नवीन टाकला, पुढे सही, भि. रा. बोरस्ते. म्हणजे मीच. त्याच्या आधी जानेवारीत विंडोज नव्यानं टाकलंत, तेही लिहिलंय. तरी दर रविवारी तेच! मी या मशीनला सांगतो, झोपायचं नाही — कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन, नेव्हर, अप्लाय, ओके — सोमवारी नेव्हर, मंगळवारी नेव्हर, शनिवारपर्यंत अगदी शहाण्यासारखं नेव्हर. आणि रविवारी बघावं तर पंधरा मिनिटं! पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही की पडदा काळा, फुस्स करून झोपलं. आता तुम्ही म्हणणार, काका, तुम्हीच चुकून दाबलं असेल काहीतरी. दाबलं नाही. एकतीस वर्षं कंट्रोल रूमला काढली एकलहऱ्याला, थर्मलच्या वीजकेंद्राला, एवढ्या मोठ्या पॅनेलपुढे. चुकून दाबणारा माणूस नाही मी.

ही वही? ही माझी लॉग बुक. हसा, हसा, आमची ही पण हसते. अहो, आमच्याकडे तशीच रीत होती — पाळीवर आलं की आधीच्या माणसाकडून चार्ज घ्यायचा, तासातासाला रीडिंग लिहायचं, काय बदललं, का बदललं, किती वाजता, खाली सही. लिहिलं नाही म्हणजे झालं नाही. ती सवय हातातून जात नाही. आता पॅनेल नाही तर हे मशीन. रोज सकाळी सहाला उठलो की पहिलं हे — तारीख, वेळ, व्होल्टेज, सेटिंग. हे कालचं बघा. सोळा मार्च, सकाळी सहा, दोनशे सदतीस व्होल्ट, नेव्हर. साडेअकरा, दोनशे एकावन्न व्होल्ट, पंधरा मिनिटं. नऊ मार्च, तसंच. दोन मार्च, तसंच. म्हणजे काय? म्हणजे सहा ते साडेअकराच्या मधे काहीतरी होतं. आणि ते रविवारीच होतं. आणि रविवारी काय होतं? लोड कमी होतो, ऑफिसं बंद, व्होल्टेज चढतं! सापडलं की नाही? म्हणून तो स्टॅबिलायझर आणला, तो खाली, तुमच्या पायाशी. त्यानं पण फरक नाही पडला म्हणा.

एक सांगा मला आधी — झोपलेल्या मशीनला फोन आलेला कळतो का? म्हणजे मेसेंजरवर कोणी हाक मारली, आणि हे झोपलेलं आहे, तर नंतर उठल्यावर सांगतं का, की अमक्याचा येऊन गेला? नाही सांगत? कधीकधी सांगतं? मग आमचं का सांगत नाही... असो. दिशाचा असतो हो फोन. मुलगी माझी, सिंगापूरला असते, जावई राज तिकडेच कामाला आहे. तिला मुलगा झालाय, साई, दीड वर्षाचा होईल आता. मी फोटोत बघितलाय. हलताना नाही बघितला अजून. ती रविवारी अकराला लावते, कॅमेऱ्यासकट, आणि नेमकं तेव्हाच हे झोपलेलं असतं! मी इथंच असतो, बरं का. दहाला पेन्शनर मंडळातून येतो — आम्ही एकलहऱ्याचे सगळे रविवारी आठला जेलरोडच्या बागेत जमतो — आलो की अंघोळ, चहा, पेपर घेऊन ह्याच खुर्चीत. सहाला नेव्हर बघितलेलं, म्हणून निर्धास्त पेपर वाचायला गेलो, अग्रलेख संपवून मान वर करतो तर पडदा काळा आणि अकरा वाजून गेलेले. मग सोमवारी ही सांगते, तिच्या मोबाईलवर मेसेज आलेला असतो — काल लावला होता, बाबांचं मशीन बंद होतं. दर सोमवारी. ऐकून कसं वाटतं सांगू? माणूस दारात येऊन कडी वाजवून गेला आणि आपण आतच बसलेलो.

आज सकाळी पण वाचून दाखवलं तिनं. म्हणून तर तुम्हाला इतक्या घाईनं बोलावलं. म्हटलं आज काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

घ्या, चहा घ्या, निवेल. आमची ही, विमल, बाजारात गेलीय, मीच केलाय, साखर कमी असेल तर सांगा. मशीन आणखी कोण वापरतं? कोण वापरणार! घरात आम्ही दोघं. मी आणि ही. आणि ही तर माऊसला हात लावायला घाबरते. मी शिकवायला बसलो होतो हो एकदा, तर म्हणाली, हा उंदीर मला धरवत नाही, बाण कुठल्या कुठं पळतो, तुमचं तुम्हीच बघा. पासवर्ड? नाही, पासवर्ड तो काय तिथं चिकटवलाय मॉनिटरलाच. लपवायचं कोणापासून?

साधा फोन का नाही करत म्हणता... हं. साध्या फोनवर मूल दिसत नाही ना. आणि मी केला तर — मी नाही करत. रागावलेली वगैरे काही नाही हो ती. कामात असते. लहान मूल, परका मुलूख. तसं काही नाही... तसं थोडं आहे. आता तुम्ही काय बाहेरचे थोडेच आहात, चार वेळा येऊन गेलात. तिचं लग्न झालं ना, दोन हजार चारला, पुण्याला. तिनंच जमवलेलं. मी नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. विमल आधी गेली पुढे, मी लग्नाच्या दिवशी पहाटे निघणार होतो. आणि गेलो नाही. कामावर गेलो. सकाळची पाळी केली आणि दुपारची पण केली — कोणी सांगितली नव्हती, मागून घेतली. पोरीला फोनवर सांगितलं, युनिट ट्रिप झालंय, निघता येत नाही. तिला काय, जन्म थर्मलच्या कॉलनीत गेलेला, ट्रिप म्हणजे अख्खा संच बंद, सगळ्यांची धावपळ, ते तिला कळतं. ती म्हणाली, बाबा, जेवलात का? तिकडं अक्षता पडायच्या होत्या आणि ही मला विचारते जेवलात का. आणि युनिट तर ठणठणीत चालू होतं ओवेसभाई. त्या दिवसासारखं तर कधी चाललं नसेल.

मग तिला कळलं कसं, विचाराल तुम्ही. माझ्याच हातानं कळलं. दोन वर्षांनी रिटायर झालो, निरोप समारंभ ठेवला पोरांनी, हॉल सजवला, आणि टेबलावर काय मांडावं? माझ्या लॉग बुका! हार घालून! साहेब भाषणात म्हणाले, बोरस्तेंच्या लॉगमध्ये कधी खाडाखोड नाही, कधी खोटं रीडिंग नाही. टाळ्या. दिशा आली होती तेवढ्यासाठी, सातवा महिना तिला, म्हणजे बघा कशी आली असेल. मी तिकडं हार घेतोय, आणि ही टेबलापाशी उभी राहून पानं उलटतेय. मला वाटलं बापाचं अक्षर बघतेय कौतुकानं. तिनं तिच्या लग्नाची तारीख काढली. सहाला नॉर्मल, सातला नॉर्मल, आठला नॉर्मल — रात्री दहापर्यंत सगळं नॉर्मल, आणि प्रत्येक नॉर्मलखाली माझी सही. पोरीशी खोटं बोललो, पण लॉगमध्ये नाही बोललो बघा. तिनं वही मिटली, हार होता तसा परत ठेवला. मला म्हणाली, बाबा, अक्षर छान आहे तुमचं. बास. जेवायला पण थांबली नाही. तेव्हापासून... तेव्हापासून हे मशीन. मी म्हटलं, आता तरी जागं राहायचं. ती लावेल तेव्हा आपण समोर पाहिजे.

काय? काय सापडलं? लिहिलेलं असतं आत? म्हणजे — थांबा थांबा — म्हणजे मशीनलासुद्धा लॉग बुक असते? कोणाचा फोन, किती वाजता, किती वेळ, सगळं? वा! अहो, हे आधी सांगायचं ना! मी इकडं हातानं लिहून मरतोय! दाखवा, दाखवा, चष्मा कुठंय माझा — हां. काढा रविवार. कालचाच काढा. अकराच्या सुमाराला बघा, तिनं लावलेला असणार, उचललेला नसणार. नाही? बारा? नाही? मागच्या रविवारी बघा. त्याच्या मागच्या. अकराला काहीच नाही? एकपण नाही? मेसेज तर दर सोमवारी... मग हे काय आहे, हे हिरवं? आठ चाळीस. सोळा मार्च, आठ चाळीस, दिशा, एक्कावन्न मिनिटं. एक्कावन्न मिनिटं काय? बोलणं? पण आठ चाळीसला तर मी बागेत असतो. वर जा जरा. नऊ मार्च, आठ पस्तीस, चव्वेचाळीस मिनिटं. दोन मार्च, आठ चाळीस, तासभर...

हं.

जानेवारीपासून आहे म्हणता. त्याच्या आधीचं तुम्ही विंडोज टाकताना पुसलं गेलं असेल. तेही असणारच.

आणि हे खाली काय, हे इंग्रजी अक्षरात? मराठीच आहे की. वाचा. नको, मीच वाचतो. दिशा — आई, साडेनऊ होऊन गेले, बाबा येतील, ठेवते. दिशा — ते पंधरा मिनिटंवालं केलंस ना? आणि खाली ही. हो केलं. दोनच शब्द, त्यात पण एक अक्षर दोनदा पडलंय. एका बोटानं मारलेलं दिसतंय. उंदीर धरवत नाही म्हणे! बाण पळतो म्हणे! कंट्रोल पॅनेलमध्ये जाते, पॉवर ऑप्शनमध्ये जाते, अप्लाय करते, ओके करते, आणि मी दहाला आलो की चहाचा कप हातात देऊन विचारते, आज कोण कोण आलं होतं मंडळात?

फसवलं हो मला. दोघींनी मिळून फसवलं. मी स्टॅबिलायझर आणतोय, व्होल्टेज लिहितोय, वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतलं मी — ही त्याला पाणी देत होती, ओवेसभाई, इथं उभी राहून, तोंडावरची माशी हलली नाही! तिनं साईला बघितलं. चालताना बघितलं असेल. ह्याच खुर्चीत बसून. तो तिला आजी म्हणत असेल, आणि मी मागाहून येऊन त्याच काचेवरची धूळ पुसत बसतो. माझ्याच घरात, माझ्याच मशीनवर, बेचाळीस — नाही, छत्तीस वर्षांच्या संसारात. एवढं परकं केलं मला?

नाही, तुम्ही बसा. तुमचा काय दोष. मशीनचा पण काही दोष नाही, बिचारं सांगितलं तसं वागलं. पण मला एक कळत नाही. दिशाला बोलायचं नाही माझ्याशी, ठीक आहे, नको बोलू. मग हे पंधरा मिनिटांचं सोंग कशाला? आईशी बोलायचं, ठेवून द्यायचं. मी आपला बसलो असतो जाग्या मशीनपुढे अकरा ते एक, आणि...

आणि कोणाचाच फोन आला नसता.

जागं मशीन पुढ्यात, सगळं नॉर्मल, आणि फोन नाही. दर रविवारी. तेव्हा मला कळलं असतं. म्हणून झोपवते ती ह्याला. म्हणजे मी म्हणणार, मशीननं घात केला, नाहीतर पोरीनं लावला होता. तो सोमवारचा मेसेज पण हिचाच असणार, दिशाचा नसणार. ही मोबाईल हातात धरून मला वाचून दाखवते ना, मी कधी बघितलाय तो? युनिट ट्रिप झालंय, निघता येत नाही — मी हेच सांगितलं होतं की पोरीला. मशीनवर ढकललं होतं. तिनं तर मला जेवलात का विचारलं होतं. मी वही काढून व्होल्टेज लिहीत बसलो.

फाटक वाजलं. आली वाटतं. बंद करा ते, बंद करा, ती हिरवी पाटी आधी. पुसू नका! पुसू नका, राहू दे. नुसती बंद करा. आणि ऐका — ते सेटिंग आहे ना, ते पंधरा मिनिटंच करून ठेवा. हो, पंधरा. विचारू नका हो काही, करा. नेव्हर नको. मी नेव्हर केलं तर तिला रविवारी घाईघाईत बदलत बसावं लागतं, त्यात तिची दोन मिनिटं जातात पोराला बघायची. आणि तुम्हाला विचारलं तर सांगा, दोष आहे मशीनमध्ये, सापडत नाही. वहीत? वहीत काय लिहू... द्या इकडं. सतरा मार्च, सोमवार. मशीन... नको. आज नाही लिहीत काही.

आलीस का? दे ती पिशवी इकडं. अगं काही नाही, ओवेसभाई बघून झाले. मशीनच खराब आहे म्हणतात. झोपणारच ते, काही इलाज नाही. मी पण म्हटलं, झोपू दे. अशी काय बघतेस? मेथी आणलीस का मेथी?

बरं ओवेसभाई, या तुम्ही. आणि जाताना तेवढा तो स्टॅबिलायझर घेऊन जा.