थर्माकोलचा पंख

नांदेडहून उदगीरला परतणाऱ्या एसटीत चंद्रकलेला कान टवकारायची गरजच पडली नाही. पुढच्याच सीटवर कॉलेजातली एक पोरगी आणि लग्नमंडपाची सजावट करणारा तिचा मामा बसले होते. पोरीच्या मांडीवर मॉडेल विमानाचा पंख होता, थर्माकोलचा, मधोमध मोडलेला.

“मामा, आत बांबूची कामटी घातलीच न्हाई तुम्ही.”

“गुळगुळीत दिसायला पायजे, म्हणलीस न लीला.”

“कामटी घालाबी म्हणले होते. विमान वळताना सगळा जोर पंखावरच येतो.”

“मंडपातल्या हंसाला कुठं कामटी असती? फोटो निघंपर्यंत टिकलं की झालं. सवयीनं हात तसाच चालला बघ.”

“स्पर्धा तर गेली. पुढच्या वर्षी कॉलेजच संपतंय माझं.”

“दुसरा पंख कापून देतो की.”

“थर्माकोल हाय का दुकानात?”

“न्हाई. ह्या दुष्काळात लग्नंच लागंनात, माल कशाला भरू? उदगीर जिल्हा झाला की लई मंडप लागतील म्हणतेत.”

“हाव. तवर नळाला पाणीबी येईल.”

मामानं तिच्या मांडीवरचा पंख उचलून मोडलेले तुकडे जुळवून पाहिले.

“लीला, उडालं तवाचा फोटो तरी काढलीस का?”

“न्हाई मामा. सगळेजण वरच बघून राहिले होते. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई.”