प्लेअरखालच्या चुंबळी

तुम्ही हसाल, पण पंचाहत्तर सालच्या आसपास रेकॉर्ड प्लेअरखाली काय घालावं यावर आमच्या आष्ट्याच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी पुढं माझ्या लग्नावरही झाली नाही.

प्लेअर माडीवर, लाकडी फळ्यांच्या जमिनीवर होता. सुई सारखी उडायची आणि मिलिटरीतल्या भावानं आणलेल्या तबकड्यांवर ओरखडे पडायचे. आधी खाली औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं लावली, मग ट्रॅक्टरच्या ट्यूबचे तुकडे, शेवटी आईच्या घागरीखालच्या कापडी चुंबळी. निकाल द्यायचे थोरले काका. तेही तिथंच झोपाळ्यावर बसून, पायानं रेटा देत.

"उडतीया अजून. ट्यूबच बरी हुती."

झोपाळ्यानं माडी हलते हे काका सोडून सगळ्यांना कळत होतं, पण थोरल्या माणसाला थांबा म्हणायचं कुणी? शेवटी वडिलांनी प्लेअर चुंबळींसकट झोपाळ्यावर, काकांच्या शेजारीच ठेवला.

"दादा, जवळनं नीट ऐकू यील. तेवढं पडू दिऊ नका."

काका दोन्ही पाय रोवून, प्लेअर धरून पुतळ्यासारखे बसले. पहिल्यांदाच अख्खी तबकडी न अडखळता वाजली.

"मी कवाधरनं सांगतोय," काका म्हणाले, "चुंबळच भारी."