चालू मशीनचं उद्घाटन

...आणि वर मलाच विचारते, "बाबा, कोणी हात लावला?" आता तुम्हीच सांगा, आमच्या किन्हवली गावात नवी वस्तू आली आणि तिला कोणी हात लावला नाही, असं कधी झालंय? अहो, म्हशाच्या जत्रेतून बैल आणला तर अख्खं गाव त्याला थोपटून जातं, हा तर कम्प्युटर!

तुम्हाला सांगतो, आमची चंद्रकला गेली त्याला वर्ष झालं. तिच्या नावाने बुद्धविहारामागच्या खोलीत पोरांसाठी कम्प्युटर ठेवायचं ठरलं, इंटरनेटची तारही तिथवर ओढून घेतली. लेक संघरत्ना हैदराबादला, कम्प्युटरच्याच नोकरीत, आणि तिला रजा मिळेना. म्हणाली, "बाबा, सीडी पाठवलीय. ती घाला, मशीन चालू करा आणि बाजूला व्हा. पुढचं सगळं आपोआप होतं. पासवर्ड दिसेल, तो मला सांगा. मी इथून आत शिरते आणि आईचा फोटो पडद्यावर लावते. मला येता येत नाही, निदान एवढं तरी..." म्हटलं, आपोआप तर आपोआप!

सीडी घातली, बटण दाबलं, पडद्यावर पट्टी सरकायला लागली. पासवर्ड तळहातावर लिहून घेतला आणि धावलो पाण्याच्या टाकीकडे, कारण मोबाइलला रेंज तिथेच! एकेक अक्षर सांगितलं, तर ही म्हणते, "नाही घेत, बाबा. चष्मा लावलाय ना?" अहो, उभा जन्म पोरांच्या वह्या तपासल्या मी, मला अक्षर कळेना? परत खोलीत, तर पासवर्ड निराळाच! परत तळहात, परत टाकी, परत "नाही घेत!" वर म्हणते, "माझं मशीन म्हणतंय, मघाशी ओळख झाली ते हे नव्हेच, हे दुसरंच कोणीतरी आहे." दुसरं कोण असणार? खोलीत कम्प्युटर एक, बाकी सगळी माणसं! हे म्हणे आपोआप!

तिसऱ्या खेपेला पाय न वाजवता आलो. बघतो तर आमच्या शाळेचा शिपाई धाऊ मशीन बंद करतोय!

"अरे, काय करतोस?"

"उद्घाटन, गुरुजी! सरपंचांनी बटन दाबला, तं बारकूदादा रुसले. त्यांना दिला दाबायला. आता रांगेत गोजाबाय उभी हाय."

"पण बंद कशाला करतोस?"

"चालू मशीनचा उद्घाटन कसा करणार, गुरुजी? आधी बंद नको का?"

टाकीखाली जाऊन लेकीला सांगितलं, तर ती हसत सुटली... वर्षभरात पहिल्यांदा! म्हणाली, "बाबा, दर वेळी ते पहिल्यापासून सुरू होतं हो! नवा पासवर्ड, नवी ओळख. नवरीने प्रत्येक पाहुण्याला वेगळं नाव सांगावं, तसं!"

मग मी मास्तरकी केली. गोजाबाईला मानाने पंख्याचं बटण दिलं. तिने दाबलं, टाळ्या पडल्या! "वारा पण येतो गो याच्यातून!" गोजाबाई खूश, रांग खूश. मी नवा पासवर्ड घेऊन टाकीकडे. आणि तुम्हाला सांगतो... घेतला! "शिरले, बाबा! आता पट्टी भरेपर्यंत हात लावू नका हं."

"कोण लावतंय!"

खोलीत आलो. पडद्यावर चंद्रकला. म्हशाच्या जत्रेतली, हातभर बांगड्या भरून हसणारी. खाली पट्टी निम्मी सरकलेली. गोजाबाई हळूच म्हणाली, "बघ कशी हसते, माझी बाय..." आणि सरपंचांसाठी आणलेला झेंडूचा हार तिने माझ्या हातात दिला. "फोटो हाय, गुरुजी. हार नको का?"

रोज सकाळी घरी फोटोला फूल वाहतो मी. हाताला सवय. हार घातला, नीट बसावा म्हणून मागून जरा ओढला, त्यात वायर अडकली, बोर्डातली पिन निसटली, पडद्यावर अंधार!

टाकीकडे जायलाच लागलं. फोन वाजतच होता.

"बाबा! परत बाहेर फेकली गेले मी! कोणी हात लावला?"

काय सांगणार? म्हटलं, "कोणी नाही गं... आपोआप झालं."