गुरुवारची लाइट

हॅलो?… हो, विजयश्रीच बोलतेय. हो, रविवारच्या पेपरात विज्ञानाचं सदर लिहिते तीच. आपण कोण?… स्वरूपा. कुठून बोलताय?… चाकणच्या. बरं, एक मिनिट हं, गॅस बारीक करते… हां, बोला. ग्रहणाचं विचारणार असाल तर आधीच सांगते, गरोदर बाईने खुशाल भाजी चिरावी, काही होत नाही. सकाळपासून हेच चाललंय माझं… नाही? मग काय?

जरा मोठ्याने बोला. मागे कसला आवाज येतोय?… आयसीयूच्या बाहेर आहात. … अगं बाई. आत कोण आहे?… मिस्टर. दिग्विजय. … आधी बसा कुठेतरी. बाकडं असेल ना तिथे? बसलात? सांगा आता. सावकाश सांगा, मला घाई नाही.

हो… हो… मंगळवारी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर… गाडी घसरली. हेल्मेट होतं का?… जाऊ दे, तो प्रश्नच नको होता मी विचारायला. … डोक्यालाच लागलं. बाकी अंगावर साधं खरचटलेलंही नाही. हो, असंही होतं. … आणि तेव्हापासून व्हेंटिलेटरवर. शुद्ध आलीच नाही.

डॉक्टर काय म्हणाले?… नाही, तुम्हाला काय वाटलं ते नंतर. त्यांचे शब्द सांगा, कळले नसले तरी चालतील, जसे कानावर पडले तसे… ‘ब्रेन डेड’.

…हं. टेस्ट दोनदा केल्या का त्यांनी?… काल रात्री एकदा, आज पहाटे परत. चार डॉक्टर होते. डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं… घशात नळी घालून बघितलं, खोकतात का ते… आणि मशीन काढून बघितलं, स्वतःहून श्वास घेतात का… नाही घेतला. दोन्ही वेळा नाही घेतला.

…आहे, आहे मी. ऐकतेय.

वय काय हो तुमचं?… मग माझ्या लेकीपेक्षा, तनुजापेक्षा लहान आहेस तू. तूच म्हणते आता, चालेल ना? … अगं, पण तू मला का फोन केलास? डॉक्टर आहेत ना तिथे, त्यांना विचार… हो, ते इंग्रजीत बोलतात, खरंय. मराठीत बोलले तरी इंग्रजीतच बोलतात. … कोणी, सासऱ्यांनी? त्यांनी दिला माझा नंबर? … सोपानराव. बरं. … भावकीच्या ग्रुपवर माझा लेख आला होता. फोटो काढून टाकला होता कुणीतरी, खाली नंबर होता. कुठला गं लेख?… व्हेंटिलेटरचा. हो, लिहिला होता मागे. बऱ्याच लोकांचे फोन आले होते, बाई, पहिल्यांदा कळलं म्हणून…

वाच बघू. काय लिहिलंय मी ते वाच… ‘घरातली वीज गेली तरी इन्व्हर्टरवर पंखा फिरत राहतो. मेंदूचं काम कायमचं थांबल्यावर व्हेंटिलेटरवर हृदय चालतं ते तसंच.’ हो, माझंच आहे ते वाक्य. मग?

काय म्हणतात सासरे?… परत सांग. नीट ऐकू आलं नाही.

…‘लाइट गेलीय नुसती, येती सांजच्याला.’ असं म्हणाले?

अरे देवा.

नाही, नाही, तू बोल. … हो, आज गुरुवार. गुरुवारी जातेच आपल्याकडे. कंपन्यांना सुट्टी, लाइनची कामं काढतात, संध्याकाळी येते. माझ्याकडेही सकाळपासून नाहीये, चार मजले चढून आलेय मी आत्ता. … आणि ते म्हणतात, शिकलेल्या बाईंनी लिहिलंय, छापून आलंय, लाइट येईतोवर इन्व्हर्टरला कुणी हात लावायचा नाही. … आणि काचेच्या दारापुढून हलत नाहीत. चहासुद्धा तिथेच उभ्याने. … ‘कायमचं’? हो, तो शब्द आहे गं माझ्या वाक्यात. पण तो कोण वाचतो? लाइट गेली एवढं वाचलं की पुढचं ज्याचं त्याला ठाऊकच असतं.

मला कसं सुचलं नाही हे. इन्व्हर्टर काय, घरोघरी आहे, शाळेतल्या पोराला कळेल, असं वाटलं मला. पंखा फिरतोय एवढंच बघत बसले. ज्याची लाइट दर आठवड्याला जाते आणि दर आठवड्याला येते, त्याला आधी येणारी लाइटच आठवणार ना. … माझं राहू दे. तुझं काय ते सांग. तू फोन केलास म्हणजे तुझ्या मनात काहीतरी वेगळं आहे.

हो… हो… अवयवांचं विचारलं तुला. त्या कोऑर्डिनेटर मॅडमनी. दुपारपर्यंत सांगा म्हणाल्या. … नाही गं, हाव नाही ती. त्यांचं कामच ते आहे. शरीर फार वेळ साथ देत नाही, एकदा बीपी पडायला लागलं की मग द्यायचं म्हटलं तरी काही देता येत नाही, म्हणून घाई. … तुला द्यायचेत. … तो म्हणायचा? कधी?… कंपनीत रक्तदानाचं शिबिर असलं की पहिला जायचा. आणि घरी येऊन म्हणायचा, रक्त काय परत भरतं, त्यात कसला आलाय मोठेपणा. … हं. चांगला होता गं.

आणि सासरे नको म्हणतात. आणि तू आजवर त्यांच्यापुढे तोंड उघडलेलं नाहीस. … नाही, भांड म्हणत नाहीये मी. ऐक ना… आणि तुलाही आतून वाटतंय, त्यांचंच खरं निघालं तर. हो ना?… रड. रड गं. मी आहे इथे, कुठे जात नाहीये.

…

पाणी प्यायलीस? … आता ऐक. तू काम काय करतेस?… वायरिंगची लाइन आहे, गाड्यांच्या वायरी जोडता. बरं, मग असं समज की एखादी मेन वायर… नको. थांब. पुन्हा उपमा नको. एकदा दुधाने तोंड पोळलंय माझं. जसं आहे तसंच सांगते. मध्ये काही कळलं नाही तर तिथेच थांबव मला, लाजू नको.

आपल्या मेंदूच्या बुडाशी, मानेच्या अगदी वर, एक भाग असतो. अंगठ्याएवढा असेल. श्वास घे, असं शरीराला तोच सांगतो. आपण झोपलो तरी सांगत असतो, कधी सुट्टी नाही त्याला. … हां. डोक्याला मार बसला की मेंदू सुजतो. पाय सुजला तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. कवटी हाडाची, ती कुठे ताणणार? मग सूज आतल्या आत दाबत जाते, आणि त्या भागाला रक्तच मिळेनासं होतं. रक्त नाही मिळालं की मेंदूच्या पेशी काही मिनिटांत मरतात. … हो, मरतात. झोपत नाहीत. हाड मोडलं तर जुळतं, कातडी नवी येते, रक्त भरतं. तो बरोबरच म्हणायचा. पण हा भाग एकदा गेला की गेला. आजवर कुणाचाच परत आलेला नाही.

…कोमा? कोमा वेगळा. कोमात तो भाग जिवंत असतो. घशात नळी घातली तर असा माणूस सहसा खोकतो, डोळ्यांत उजेड मारला तर बाहुली आकसते. दिग्विजयचं तसं काहीच झालं नाही ना? तेच बघत होते ते चौघे, पुन्हा पुन्हा.

हृदय? बरोबर विचारलंस. हृदयाला मेंदूने ‘चाल’ म्हणावं लागत नाही. त्याचा ठोका त्याच्याच आत तयार होतो. प्राणवायू मिळतोय तोवर ते चालतं. तो प्राणवायू आता मशीन भरतंय. दिग्विजय नाही घेत.

…काय म्हणालीस? बोट हललं? … पहाटे, टेस्ट झाल्यावर. तू स्वतः बघितलंस. … नाही, भास नसेल तो. हललं असेल खरंच. पाठीच्या कण्यातून होतं तसं कधीकधी, मेंदूचा संबंध नसतानाही. त्याने नाही हलवलं ते, स्वरूपा. … हो. मला ठाऊक आहे कसं वाटतंय हे ऐकताना. पण मी आत्ता गोड बोलले तर संध्याकाळी तू मला माफ करणार नाहीस.

कोण म्हणालं? … दीर. बुद्धी चालवली त्याने. मेंदू मेलाय, माणूस कुठे मेलाय, असं ना? सगळे इथेच फसतात, आणि आम्ही लिहिणारे धड सांगत नाही. ‘मेंदू मृत’ म्हणजे मेंदू आधी मेला आणि माणूस नंतर कधीतरी मरणार, असं नाही गं…

हो. विचार.

…

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगते. हो. गेला. दिग्विजय गेला.

…

मी डॉक्टर नाही. त्याला बघितलेलंही नाही. पण तू सांगितलंस ते सगळं तसंच झालं असेल, तर त्याचा दुसरा अर्थ होत नाही. तू असं कर, त्या मोठ्या डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहा आणि हाच प्रश्न विचार, ‘ते गेले का?’ एवढाच. इंग्रजी बोलायला लागले तर म्हण, हो की नाही तेवढं सांगा. … विचारलंस? पहाटेच? … आणि ते हो म्हणाले. मग मला कशाला गं… हं. बाईमाणसाकडून ऐकायचं होतं. आपल्या बोलीत. … हो. कळलं.

कोण आलं? … सासरे. काय म्हणतात?… दे त्यांच्याकडे फोन. अगं दे, घाबरू नको. माझ्या लिहिण्याने झालंय, मीच निस्तरते.

नमस्कार, सोपानराव. … हो, मीच ती पेपरातली. … हो, मीच लिहिलंय. … नाही, लेख बरोबर नव्हता. अहो, छापून आलं म्हणून काय झालं, लिहिणारी मीच आहे ना? मी इन्व्हर्टर लिहिलं, आणि ही लाइट परत येत नाही, हे तुमच्यासाठी ठळक लिहायला हवं होतं, ते नाही लिहिलं. चूक माझी. … नाही, सोपानराव. संध्याकाळी नाही यायची. उद्याही नाही.

…

हात गरम आहे. हो, असणार. रक्त फिरतंय. … छाती वर-खाली होते, हो. ते मशीन करतंय. पहाटे डॉक्टरांनी मशीन काढून वाट बघितली. एक श्वास आला असता, एकच, तरी ते धावत बाहेर आले असते तुम्हाला सांगायला. त्यांनाही तेच हवं असतं हो.

काय?… जरा परत बोला.

…‘बापानं कसं म्हणायचं, काढा म्हणून.’

…

ऐका. हे एवढं नीट ऐका माझं. तुम्ही काहीच काढत नाही आहात. तो तुमच्या शब्दासाठी थांबलेला नाही. तुम्ही हो म्हणालात तरी तो गेलाय, आणि नाही म्हणालात तरी गेलाय. कुणी तुम्हाला विचारत नाहीये, पोराला जाऊ देऊ का. ते विचारायची वेळच आली नाही कुणावर. तुम्हाला एवढंच विचारताहेत, की त्याच्या शरीरात जे अजून चांगलं आहे ते दुसऱ्या कुणाला द्यायचं, की सगळं सरणावर ठेवायचं. तो प्रश्न खरा आहे. त्याला हो म्हणा, नाही म्हणा, कुणी बोट दाखवणार नाही. … नाही, त्यात मी नाही सांगणार काय करायचं ते. त्यात माझं शिक्षण कामाचं नाही.

स्वरूपा काय म्हणते? ते मला नका विचारू. शेजारीच उभी आहे ना ती?… मग तिला विचारा. … विचारा, मी थांबते.

…

…

हो, बोला. … बोलली. … द्यायचेत म्हणाली. … आणि तुम्ही काय म्हणालात?… ‘त्याची बायको म्हणती तसं.’ … हं. बरोबर केलंत. रडू द्या तिला, अडवू नका. तुम्हीही बसा आता, सकाळपासून उभे आहात म्हणे.

घरी कोण आहे?… कौशल्याबाई. त्याची आई. त्यांना अजून शुद्धीवर येईल असंच सांगितलंय. … नाही, आता तसं नका सांगू. ‘गेला’ म्हणा. लागेल म्हणून मऊ शब्द शोधू नका, मी शोधला होता तो पुरे झाला. आणि फोनवर नको, कुणालातरी पाठवा, नाहीतर स्वतः जा. जवळ बसून सांगा.

…हो, विचारा ना.

दहावा. … म्हणजे कसं विचारताय?… ऑपरेशन उद्या पहाटे होणार. हृदय तेव्हा थांबणार. … मग दहावा उद्यापासून धरायचा का.

…

…म्हणजे आजचा दिवस तो आहे, असं.

…

आहे, आहे. लाइन चालू आहे. … कळलं मला, सोपानराव. कळलं तुम्ही काय मागताय ते.

…

नाही. आजपासून धरा.

…हो. आज पहाटेपासून.

…हो.

…तुम्ही ठेवा आधी. मी नाही ठेवत.