म्हातारीला विचारून येतो

सिदोनी: पण आजच कशाला जायचं, मामा? शनिवारचं वसतिगृहाचं उद्घाटन तरी होऊ द्या.

मामा: उद्घाटनासाठीच तर आज जातोय. साहेब लोक फीत कापायला येतील तेव्हा गावाचा कारभारी, कपितेन, नवा असलेला बरा. टोपी, कोट, काठी, सगळं बांधून ठेवलंय. दुपारी होडी आली की वर गानमानच्या, सगळ्या कपितेनांच्या मुख्याच्या गावी जायचं. ज्यांनी कपितेन केलं त्यांच्याच हातात सगळं परत द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

आई: आधी पोरीला दोन घास खाऊ दे. विमानातून उतरल्यापासून उभी आहे ती. सिदोनी, ते उलथनं घे आणि कसाव्याचा कीस हलव. खाली लागला तर तुझ्या मामाच्या आधी मीच गाव सोडीन.

सिदोनी: मला भूक नाही, आई.

आई: कायेन शहरातल्या, फंडाच्या ऑफिसातल्या बायकांना भूक नसते, माहीत आहे मला. हलव तरी. पूर्वी ह्या भट्टीवर चार-चार जणी यायच्या मदतीला. आता मी एकटीच भाजते आणि एकटीच खाते.

सिदोनी: अजूनही कोणी येत नाही?

आई: येतील कशाला? मी नदीवर भांडी घेऊन गेले की सगळ्यांना पाण्यात मासे दिसायला लागतात. कपितेनची बहीण ना मी! वाडवडिलांचा खांब बुलडोझरखाली घालू दिला, त्या कपितेनची.

मामा: ताई, पुरे.

आई: पुरे कसं? ज्या खांबापाशी आपल्या आजीनं रम शिंपडून सगळ्यांना जपलं, तो खांब चिखलात आडवा पडला आणि त्यावर मुलांचं वसतिगृह उभं राहिलं. कुणाचं पोर तापलं की लोक तुझ्याच दाराकडे बघतात. आणि तू म्हणतोस पुरे.

मामा: लोकांचं चुकत नाही. कागदावर लिहिलंय, कपितेननं जागा मान्य केली. पुढे फंडवाल्यांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. ह्याच सिदोनीनं आपल्या भाषेत सांगितला.

सिदोनी: मामा...

मामा: तुला बोलत नाहीये गं. तुझं ते कामच होतं. पण एक विचारू? आल्यापासून मला तुम्ही-तुम्ही काय चाललंय? लहानपणी माझ्या खांद्यावर बसून कान ओढायचीस.

सिदोनी: मामा, दोन वर्षांपूर्वीच्या त्या सभेत तुम्ही काय बोलला होता, आठवतं?

मामा: दुसरं आठवतोय काय मी! होडीत एकटा असलो की तेच मोठ्यानं बोलून बघतो. मला वाटतं मी तुझ्या कानाशी म्हणालो, "आम्ही ऐकलं. आता म्हातारीला विचारून येतो." पण कागद वेगळंच सांगतो. त्या दिवशी साहेबांच्या मानाचे दोन घोट घेतले होते. जीभ घसरली असेल.

सिदोनी: नाही घसरली.

मामा: काय?

सिदोनी: तुम्ही एवढंच म्हणालात. "आम्ही ऐकलं. आता म्हातारीला विचारून येतो."

मामा: नक्की? पुढे काही नाही? मान हलवली असेल मी?

सिदोनी: मान नाही, हात नाही, काही नाही.

मामा: ताई, ऐकलंस? मला वेड लागलं नव्हतं.

आई: थांब तू. सिदोनी, मग कागदावर ते आलं कुठून?

सिदोनी: माझ्या तोंडातून. साहेबांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हणाले, हो म्हणतायत.

(उलथनं तव्यावर पडल्याचा आवाज.)

आई: तुला कळलं नसेल. अकराव्या वर्षापासून बाहेर शिकलीस. आपलं बोलणं विसरली असशील.

सिदोनी: विसरले नव्हते, आई. म्हातारी म्हणजे कोणी बाई नव्हे, हे मला कळतं. थोरांनी बाजूला बसायचं, मेलेल्यांना विचारायचं, वेळ घ्यायचा, आणि मग उत्तर द्यायचं. सगळं कळतं मला.

आई: आणि तरी?

सिदोनी: साहेब सारखं घड्याळ बघत होते. तिनाचं विमान होतं. निधीचा अर्ज त्याच शुक्रवारी बंद होणार होता. त्याच्या आदल्या वर्षी एका गावात त्यांना असंच सांगितलं होतं, तर साहेब म्हणाले, कोणती म्हातारी? बोलवा तिला, आत्ताच विचारू. आणि परतताना होडीभर हसले. मला वाटलं, मी खरं सांगितलं तर आपल्यालाही हसतील आणि पैसे दुसऱ्या गावाला देतील.

आई: म्हणजे तुला आमची लाज वाटली.

सिदोनी: हो.

आई: "नाही" असं तरी म्हणायचंस गं. खोटं तरी.

सिदोनी: आता नाही म्हणवत. पण तेवढंच नव्हतं. शाळेतल्या बाकांवर तीन-तीन पोरं बसतात. दर वर्षी इतकी पोरं जन्मतात की बारशांना होड्या पुरत नाहीत. आणि अकरा वर्षांचं झालं की त्याच पोरांना दोन दिवसांच्या वाटेवर, परक्याच्या घरी झोपायला पाठवतो आपण. मी झोपलेय तिथे. त्या बाईच्या फ्रिजला कुलूप होतं. मला हे वसतिगृह हवंच होतं, मामा. कसंही करून.

मामा: मला पण हवं होतं.

सिदोनी: काय?

मामा: म्हातारी हो म्हणाली असती. आम्ही खांब पलीकडे चिंचोळ्या काठावर नेणार होतो. रीतीनं, गाणी म्हणत, रम शिंपडत. एक पावसाळा थांबावं लागलं असतं, एवढंच. तुझी इमारत तिथेच उभी राहिली असती.

सिदोनी: मामा, असं नका सांगू.

मामा: तू विचारायला हवं होतंस. सभा संपल्यावर पाच मिनिटं घरी आली असतीस तरी सांगितलं असतं. तू मात्र साहेबांबरोबर होडीत जाऊन बसलीस.

सिदोनी: तुमच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

मामा: आणि मी? मी गावाची माफी मागितली, पोरी. भर सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या तोंडून गेलं असेल, मला क्षमा करा. न बोललेल्या शब्दाची क्षमा मागितली मी. तुझी आई तिथे मान खाली घालून बसली होती. तू कुठे होतीस?

सिदोनी: कायेनला. आईनं फोनवर सांगितलं. मी म्हणाले, मीटिंग आहे, नंतर बोलते.

आई: मला आठवतंय.

सिदोनी: मीटिंग माझ्या बढतीची होती. ह्याच फाइलबद्दल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हा जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. आणि तरी मी हसले, फोटो काढून घेतला.

आई: कोजो, मारू का हिला? मोठी झालीय, पण मी मारू शकते अजून.

मामा: मारून काय होणार आहे?

सिदोनी: मी साहेबांना पत्र लिहून आणलंय. सगळं खरं लिहिलंय. नोकरी जाईल, जाऊ दे. आणि शनिवारी ते धक्का आणि रस्ता बांधायला गावाचा दुसरा होकार मागणार आहेत. तो मी ह्या तोंडानं नाही सांगू शकत.

मामा: पत्र साहेबांसाठी. गाव पत्र वाचतं का? शब्द सभेत बिघडला, तो सभेतच नीट व्हायला हवा.

सिदोनी: मग मी सभेत बोलते. आज. तुमची होडी यायच्या आत.

आई: बोलते म्हणे! तुझ्या वयाची बाई उठून बोलायला लागली, तर उत्तर कोण देणार? सभेत प्रत्येक वाक्याला दुसऱ्या कुणीतरी "तसंच आहे" म्हणायला लागतं. त्याशिवाय बोलणं म्हणजे नुसती बडबड. आणि असल्या बोलण्याला "तसंच आहे" म्हणून तुझ्या चिखलाचे शिंतोडे कोण अंगावर घेईल? मी घेतले असते, पण मला तिथे तोंड नाही आता.

मामा: मी देईन उत्तर.

आई: तू? हिनं तुझं नाक कापलं आणि तू हिच्या बाजूला उभा राहणार?

मामा: भाची कुणाची? आपल्यात भाची मामाचीच. मी नाही तर कोण उभं राहणार? तिच्यावर राग आहे का? आहे. फार आहे. आज संध्याकाळी मी तिच्याशी जेवायला बसणार नाही, उद्याही नाही. पण उत्तर मी देईन.

सिदोनी: मामा, मला जमेल का? ती वाक्यं तोडून बोलायची रीत...

मामा: इथे म्हणून बघ. ताई, तू सभा हो. आणि सिदोनी, फ्रिजचं कुलूप शेवटी सांगायचं. विचारलं तरच. आधी चूक.

सिदोनी: मी सिदोनी. आफिबाची मुलगी.

मामा: तसंच आहे.

सिदोनी: त्या सभेत साहेबांचं बोलणं गावाला आणि गावाचं साहेबांना मी सांगत होते.

मामा: तसंच आहे.

सिदोनी: मी खोटं सांगितलं.

मामा: तसंच आहे.

सिदोनी: कपितेननं हो म्हटलं नव्हतं. माझ्या मामानं तुमचा खांब दिला नव्हता.

आई: कोजो... अरे, उत्तर दे ना.

मामा: देतो. तिला पुन्हा एकदा म्हणू दे.