जावयाचा मासा

छे हो, त्यापेक्षा कुत्रा चावला असता तर परवडलं असतं! कुत्रा चावला तर इंजेक्शन तरी असतं, माशावर काय औषध आहे? आणि मासा म्हणजे ताटातला नव्हे, ताटातला असता तर दोन घासांत विषय संपला असता, हा तळ्यातला, जपानी, कोई म्हणतात त्याला, रंगीत, गलेलठ्ठ, ह्या एवढा, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत, त्याला पापणी नाही, म्हणजे डोळा मिटायचा प्रश्नच नाही, असा बघतो तुमच्याकडे... असा... की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागतं. बसा ना, उभे का? त्या खोक्यावर बसा. अहं, डावीकडच्या! उजवीकडचं तडकलेलं आहे.

तर तुम्हाला सांगतो, लग्नात लोकांना काय काय मिळतं, घड्याळ मिळतं, मिक्सर मिळतो, नुसता पंखा मिळालेला एक मित्र आहे माझा, सुखात आहे. मला मासा मिळाला! आणि तोही हातात नाही. माझ्या नावाने, सासऱ्यांनी, सासऱ्यांच्या परसात, सासऱ्यांच्याच तळ्यात सोडला. "जावईबापू, हा तुमचा." मी वाकून बघितलं, पांढराशुभ्र मासा, डोक्यावर एकच लाल गोल, पास झाल्याचा शिक्का मारावा तसा. मी म्हटलं, "वा, छान आहे." तर सासरे म्हणाले, "छान नव्हे. तांचो आहे." संपलं. त्या एका वाक्यात मला माझं सासर कळायला हवं होतं, पण नवरदेवाला काय कळतंय हो, त्याला नवे बूट चावत असतात.

सासरे म्हणजे... आवाज चढवणार नाहीत, शिवी नाही, रागावणं नाही. अहो, ओरडणारा सासरा परवडतो, ओरडून झाल्यावर चहा तरी पितो! हे आधी कितीतरी वर्षं फरशीच्या कारखान्यात तपासनीस. पट्ट्यावरून फरशी पुढे आली की तळवा फिरवायचा, उजेडात तिरकी धरायची, आणि कुठे टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसला की अगदी मायेनं म्हणायचं, "हिला जरा बाजूला काढू." पुढे स्वतःचं फरशीचं दुकान टाकलं, दुकानामागे घर, घरामागे तळं, पण सवय तीच. भाजीत कांदा करपला, भाजी बाजूला. शर्टाचं बटण सैल झालं, शर्ट बाजूला. माणूस... येतो, येतो, त्यावर येतो मी.

दर रविवारी सकाळी तळ्याकाठी दोन खुर्च्या. चहा. आणि परीक्षा! पांढऱ्यावर लाल म्हणजे कोहाकू. त्यावर थोडं काळं आलं की सांके. आणि लाल-पांढरं-काळं सगळं तेच, पण काळं डोक्यावर चढलेलं असलं तर तो सांके नव्हे, शोवा! लाल गोल नुसता डोक्यावर असला तर तांचो, सगळा सोनेरी तो ओगोन, पाठीवर निळी जाळी तो आसागी, आणि तो मातकट, सासऱ्यांचं बोट चोखणारा, तो चागोई. मला काय, सगळे मासे! पहिल्याच रविवारी मी शोव्याला सांके म्हटलं, तर सासऱ्यांनी कप खाली ठेवला. नुसता ठेवला हो. आवाजसुद्धा झाला नाही. आत सासूबाई कांदा चिरत होत्या, त्यांची सुरी थांबली.

आणि माझ्या साडूचं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं ना! साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा, माझ्याआधी वरच्या दोन खोल्यांत तो राहायचा, माझ्याआधी दुकानात काउंटरवर तो बसायचा, आणि माझ्याआधी तळ्यात त्याचा मासा होता, कोहाकू, लालबुंद. तो लाल हळूहळू फिकट व्हायला लागला. तेव्हा सासऱ्यांची नजर शाबूत होती. एका रविवारी त्यांनी बघितलं, म्हणाले, "ह्याला जरा बाजूला काढू." जाळं आलं, मासा गेला न्हाणीघरामागच्या निळ्या टबात, वर तारेची जाळी, अजून आहे, गोल गोल फिरतोय. आणि त्यापाठोपाठ साडूची रवानगी थेट गावाबाहेरच्या गोदामात, तडकलेला, डागाळलेला माल ठेवतात त्या. कशासाठी? "जरा." बस्स! त्या 'जरा'ला वर्षं लोटली. खोल्या गेल्या, काउंटर गेलं. फोन केला की त्याचा आवाज घुमायचा. मी विचारायचो, "कसे आहात?" तर तो विचारायचा, "मासा कसा आहे?" मी म्हणायचो, "तुमचा?" तर म्हणायचा, "नाही. तुझा."

मग सासऱ्यांना मोतीबिंदू झाला, दोन्ही डोळ्यांना, आणि पाप लागो मला, पण हायसं वाटलं. त्यांना तळ्यात नुसते रंगाचे फराटे दिसायचे, म्हणून दर रविवारी मासे वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. "लालपांढरं काहीतरी आलं. काळं आहे?" "आहे, बाबा." "डोक्यावर?" "आहे." "म्हणजे?" "शोवा!" "हं." आणि सगळ्यात शेवटी, खुर्ची पुढे ओढून, आवाज आणखी खाली आणून, "आणि... तांचो? त्याच्यावर काही दिसतंय?" "काही नाही, बाबा. लख्ख!" "नीट बघा." "लख्ख, बाबा, लख्ख!" मग ते उसासा टाकायचे. लांबलचक. "हं... काहीच नाही." मला वाटायचं, बघा, कसा टपून बसलाय माणूस, कधी एकदा डाग निघतोय आणि कधी एकदा बाजूला काढतोय!

आणि निघाला डाग! खांद्यापाशी, तिळाएवढा. मी म्हटलं, शेवाळ असेल. मग तो वाटाण्याएवढा झाला. मग पाठीवर दुसरा. ही म्हणाली, "अरे, बाबांना सांगून टाक ना." मी म्हटलं, "सांगतो आणि जातो गोदामात, तू वरच्या खिडकीतून हात हलव." शेवटी सासरे जिथून मासे आणायचे त्या दुकानदाराला आडून विचारलं, की एका मित्राचा पांढरा मासा आहे, काळा पडायला लागलाय. तो पिशवीत हवा भरत होता. मान वर न करता म्हणाला, "ते बाहेरून नाही पडत. आतच असतं. वर येतं." अंगावर काटा आला हो! मी म्हटलं, "घालवता येईल का?" तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे बघितलं. "घालवायचं? कशाला?" आणि पिशवीच्या तोंडाला रबर लावलं, फट्! मी म्हटलं, झालं. दुकानदारानेही हात टेकले.

तरी मी प्रयत्न सोडला नाही. घरची सगळी बाहेर गेली होती, मी जाळ्यात मासा धरला, ओल्या टॉवेलवर घेतला आणि कापसाने पुसला. हो, मासा पुसला! हसा तुम्ही, हसा. त्याने शेपटी अशी हाणली की माझा चष्मा गवतात, चाचपडत शोधला, डोळ्यांवर चढवला आणि बघतो तर काय, निळ्या टबाच्या जाळीला तोंड लावून साडूचा मासा... बघत होता. तोंड उघडत होता, मिटत होता. काय सांगत होता कुणास ठाऊक! तेव्हापासून त्या तळ्यावर एकटा म्हणून गेलो नाही मी.

काळं वाढत होतं आणि मी 'लख्ख' म्हणत होतो, तेही रंगवून रंगवून, "बाबा, दुधात धुतलाय जसा! बाबा, पाण्यात दिवा लागलाय!" जितकं त्याचं काळं, तितकं माझं लख्ख! आणि ह्याचा परिणाम काय व्हावा? इतके दिवस डॉक्टरांना हुलकावण्या देणारा माणूस एका रविवारी म्हणतो, "असं कसं होईल? आता एकदा स्वतःच बघायला हवं. ऑपरेशनचं बघा, जावईबापू." मी! मीच नंबर लावला, मीच गाडीत बसवलं, आणि मीच दवाखान्याच्या बाकावर बसलो, हात जोडले आणि देवाकडे काय मागावं तेच कळेना. दोन्ही डोळे झाले. डॉक्टर हसत बाहेर आले, "उत्तम झालंय, आता ह्यांना टाचणीचं टोकसुद्धा दिसेल." अहो, टाचणीचं टोकच कशाला आठवावं त्यांना? जगात दुसरं काही बारीक नाही?

तो रविवार उजाडला. काळा चष्मा लावून सासरे तळ्याकाठी बसले. सासूबाईंनी चहा आणून दिला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. जाळं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. कुणी ठेवलं, का ठेवलं... विचारायची माझी छाती झाली नाही. एकेक मासा वर यायला लागला. "कोहाकू," सासरे म्हणाले. "आसागी. ओगोन." मग थांबले. "हा तुमचा शोवा ना? हा सांके आहे, जावईबापू." मी म्हटलं, "हो का?" आणि मग तळातून, सावकाश, कुणी बोलावल्यासारखा, तो वर आला. पांढरा, डोक्यावर लाल शिक्का, आणि खांद्यापासून शेपटीपर्यंत काळेकुळकुळीत डाग, ओल्या पाटीसारखे चकचकीत. सासऱ्यांनी चष्मा काढला. मी डोळे मिटले.

"आलं!"

मी डोळे उघडले. "अगं ए, बाहेर ये! काळं आलं! आलं काळं!" सासरे उभे! डोळ्यांना धारा लागलेल्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं पाणी लागू देऊ नका, कोण ऐकतंय! "तांचो सांके आहे हा! घेतला तेव्हा कातडीखाली निळसर सावली होती, म्हणून तर घेतला! दुकानदार म्हणाला होता, वर येईल, वाट बघा. दर रविवारी वाट बघत होतो मी! दर रविवारी विचारत होतो!"

मला सांगा, काय वाटलं असेल मला? तो उसासा! मी ज्याला डागावर टपलेला म्हणत होतो तो माणूस डागाची आस लावून बसला होता, जवळजवळ आंधळा, खुर्ची पुढे ओढून, आणि मी प्रत्येक वेळी त्याला 'काही नाही' म्हणून रिकाम्या हाती परत धाडत होतो. वाईट वाटलं हो. अगदी पोटातून वाईट वाटलं. पण वाईट वाटायला तरी सवड मिळावी की नाही? सासरे खाली बसले. कप उचलला, परत ठेवला. आवाज नाही. आतली सुरी थांबली.

"केव्हा आलं?"

तेव्हा तरी खरं बोलावं ना! पण जिभेला वळण पडलेलं, घसरली, "आजच, बाबा! काल नव्हतं!"

"एवढं काळं एका रात्रीत येत नाही," सासरे म्हणाले. अगदी मायेनं. "म्हणजे तुम्हाला ते दिसत नव्हतं, की दिसत होतं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? सांगा ना! दिसत नव्हतं म्हणावं, तर डाग न दिसणारा माणूस फरशीच्या काउंटरवर कशाला? दिसत होतं म्हणावं, तर दिसलेला डाग लपवणारा तरी कशाला? मी तोंड उघडलं, मिटलं, उघडलं, मिटलं... तळ्यात सगळे तेच करत होते, कुणाला फरक कळला नसता. सासऱ्यांनी पाण्यात हात घालून तांचोची पाठ कुरवाळली, म्हणाले, "हा इथेच राहील." आणि मग हिला हाक मारली, माझ्याकडे बोटसुद्धा न दाखवता, "ह्यांना जरा बाजूला काढू."

ही म्हणाली, "तू हो पुढे, मी बघते." अजून बघतेच आहे! साडू भला माणूस. मी इथे आलो त्या दिवशी त्याने शटर वर केलं, आत घेतलं, आणि बसायला खोकं पुढे सरकवलं, न तडकलेलं. तो काय, मागे चहा करतोय. तुम्हाला आवाज घुमतोय ना माझा? घुमणारच. गोदामच आहे हे.

काय? फरशी? अरे हो, तुम्ही फरशी बघायला आला होतात, राहिलंच की! बाथरूमसाठी ना? ही बघा, पांढरी, मजबूत आहे, नुसती दुकानात शोभली नाही एवढंच. उजेडात धरा. इथे कोपऱ्यात काळा ठिपका आहे, दिसला? हा इथे दुसरा. आणि हा तिसरा, पुसट आहे, पण वाढे... नाही, नाही, घाबरू नका, फरशीवर नाही वाढत. मी आपलं आधीच सांगतो. हल्ली सगळ्यांना सगळे डाग आधीच सांगतो, काही उपयोग नाही आता, पण सांगतो. घ्यायची तर घ्या. नको असेल तर राहू द्या, परत रचायची गरज नाही. ठेवा तिथेच... माझ्याशेजारी... जरा बाजूला.